नॉमिनी ‘लावतात’, वारस ‘असतो’

‘फ्लॅटला वारस लावलाय, आता काळजी नाही.’ सोसायटीच्या सभेत असं कुणी म्हटलं की माझी चिडचिड होते. वारस लावता येत नाही हो. तुम्ही लावलाय तो नॉमिनी. यात निम्मा दोष मराठी फॉर्मांचा आहे. ‘नामनिर्देशित व्यक्ती’ हा शब्द जड वाटतो म्हणून कुणीतरी त्या रकान्यावर ‘वारसदार’ छापून टाकतं आणि पुढची वीस वर्षं घरातले सगळे तेच खरं धरून चालतात.

वारस कोण, हे साधारण सगळ्यांना माहीत असतं. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. आईला लोक हमखास विसरतात. मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिलं असेल तसं. झालं.

नॉमिनी म्हणजे लग्नात आहेराची पाकिटं गोळा करणारा मामेभाऊ. पाकिटं त्याच्याच हातात द्यायची, यादीही त्यानेच ठेवायची. म्हणून पैसे त्याचे होत नाहीत. बँक असो की सोसायटी, तिला एवढंच हवं असतं की माणूस गेल्यावर नक्की कुणाच्या हातात द्यायचं. नॉमिनीला दिलं की ती मोकळी. ते कुणाचं, हा घरातला प्रश्न आहे आणि तो वारसा कायदा किंवा मृत्युपत्र सोडवतं.

लोक अडकतात ते फ्लॅटपाशी. समजा, वडिलांनी धाकट्याला नॉमिनी केलं, कारण तो त्यांच्याजवळ राहत होता. वडील गेल्यावर सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर धाकट्याचं नाव चढतं. सोसायटीचं काही चुकलेलं नसतं. पण धाकटा बहिणीला सांगतो, ‘फ्लॅट माझ्या नावावर झाला,’ आणि ती बिचारी गप्प बसते. गप्प बसायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात सांगितलं की सोसायटीने नॉमिनीच्या नावे हस्तांतर करायलाच हवं, पण मालकीचा दावा करायला बाकीचे मोकळे आहेत. आपल्या महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ मध्ये जी सुधारणा झाली तिच्यात तर सरळ ‘तात्पुरता सभासद’ असं म्हटलंय. वारस ठरेपर्यंत नॉमिनी तात्पुरता. सर्टिफिकेटवरचं नाव म्हणजे मालकी, हा समज डोक्यातून काढा.

कंपन्यांच्या शेअर्सबद्दल मात्र गोंधळ कोर्टातही होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१० मध्ये कोकाटे प्रकरणात नॉमिनीच मालक असं धरलं होतं. पुढे खंडपीठाने ते फिरवलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाद मिटवला: नॉमिनीमुळे वारसांचा हक्क जात नाही.

विम्याचं आता वेगळं आहे. आधी तिथेही हेच होतं: डिसेंबर १९८३ च्या सरबती देवी निकालात नॉमिनी बायको होती, तरी सासू आणि मुलाचा वाटा मान्य झाला. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच, असं कलम विमा कायद्यात आलं. एजंट हे बरोबर सांगतात. घोटाळा होतो तो ऐकणारा हाच नियम फ्लॅटला आणि एफडीला लावतो तेव्हा.

एवढं कळलं की काही जण दुसऱ्या टोकाला जातात: ‘मग नॉमिनी करायचाच कशाला?’ करायचा, कारण तो नसेल तर मोठ्या रकमेसाठी कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणायला सांगतात आणि त्यात महिनेच्या महिने जातात. मी तर सांगते, जो वारस आहे आणि भांडखोर नाही, त्यालाच नॉमिनी करा, आणि त्याच आठवड्यात दोन साक्षीदार बसवून मृत्युपत्रही करून टाका.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, तेही टक्केवारी लिहून. त्यामुळे आता नवीन वाक्य ऐकू येऊ लागलंय: ‘मी चौघांत वाटणी करून ठेवली.’ नाही ठेवली, काका. बँकेने कुणाच्या हातात किती द्यायचे, तेवढंच तुम्ही लिहिलंत.