मालवाहतूकदाराची तपासणी (बेळगाव सीमाभाग)

ट्रकमध्ये माल भरण्याआधी ती गाडी, तिचा चालक आणि ती पाठवणारा ट्रान्सपोर्टवाला यांच्या सरकारदरबारच्या नोंदी पाहून घेणे, याला मालवाहतूकदाराची तपासणी म्हणता येईल. बेळगावच्या सीमाभागात या नोंदी एका राज्यात मावत नाहीत. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे कास्टिंग पुण्याकडे जाते, एपीएमसीतली भाजी घाट उतरून गोव्याला जाते, निपाणीची तंबाखू राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून दोन्ही दिशांना निघते. एकाच वजनकाट्यावर केए-२२ (बेळगाव), केए-२३ (चिक्कोडी), एमएच-०९ (कोल्हापूर) आणि एमएच-१० (सांगली) अशा गाड्या रांगेत उभ्या असतात. शब्दही दोन्हीकडचे. कोल्हापूरचा मोटारमालक ‘पासिंग संपलंय’ म्हणतो, बेळगावचा ‘एफसी संपली’ म्हणतो. दोघेही योग्यता प्रमाणपत्राबद्दलच बोलत असतात. पण ‘गाडी कुठल्या पासिंगची?’ असे विचारले तर तो प्रश्न नोंदणीचा असतो, म्हणून फोनवर बोलताना नेमके विचारून घ्यावे.

आपल्याकडे सुरक्षिततेची नोंद गाडीच्या नावावर असते, कंपनीच्या नव्हे. अमेरिकेत आंतरराज्य मालवाहतूक करणाऱ्या कंपनीला तिथल्या परिवहन खात्याचा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्या क्रमांकावरून तिचे अपघात, रस्त्यावरच्या तपासण्या व सुरक्षिततेचा दर्जा कुणालाही पाहता येतो. आपल्याकडे तसा दर्जा कुठे लावलेला सापडत नाही. ‘नाव मोठं आहे, जुनी पेढी आहे’ एवढ्यावर गाडी लावणारा व्यापारी म्हणूनच अर्धीच तपासणी करतो. पेढी जुनी असेल, पण आज दारात आलेली गाडी तिने बाहेरून भाड्याने उचललेली असू शकते.

गाडीचा क्रमांक हातात आला की केंद्र सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत किंवा ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, योग्यता प्रमाणपत्राची मुदत, विमा, कर आणि प्रदूषण प्रमाणपत्र पाहता येते. नवीन ट्रकला पहिले योग्यता प्रमाणपत्र २ वर्षांचे असते. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत ते दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी काढावे लागते. गाडीचा परवानाही (परमिट) तितकाच महत्त्वाचा. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कागल जवळच, म्हणून ‘एवढ्याशा अंतराला काय होतंय’ असे म्हणून फक्त कर्नाटकाचा परवाना असलेली गाडी महाराष्ट्रात नेण्याची सवय आहे. कायदा अंतर मोजत नाही, राज्य पाहतो. विनापरवाना वाहतुकीला १०,००० रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. अनेक राज्यांत चालणाऱ्या राष्ट्रीय परवान्याला गाडीच्या वयाची अट आहे: साधा ट्रक १२ वर्षांपर्यंत, मल्टि-अ‍ॅक्सल (दोनपेक्षा जास्त आस असलेला) १५ वर्षांपर्यंत.

पडद्यावरची नोंद त्याच गाडीची आहे का, हे मात्र गाडीजवळ जाऊनच कळते. चॅसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) पट्टीवरचे ग्रीस चिंधीने पुसले की ठोकलेला १७ अक्षर-अंकांचा क्रमांक दिसतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठते, आणि ती आरसी बुकातल्या क्रमांकाशी अक्षरागणिक ताडून बघायची. आरटीओतही चॅसीचा छाप असाच घेतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पुढच्या चाकांना रिमोल्ड (झिजल्यावर नवे रबर चढवलेला) टायर दिसला तर घाट उतरणाऱ्या गाडीत माल भरूच नये, असे या नोंदीच्या लेखकाचे ठाम मत आहे.

चालकाचा परवाना ‘सारथी’वर पडताळता येतो, पण त्यासाठी जन्मतारीखही लागते, म्हणजे ती चालकालाच विचारावी लागते. संकोच वाटतो खरा, तरी विचारावी. तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, मात्र त्यात आपला माल येत नाही. मालाचा विमा वेगळा उतरवावा लागतो, ही गोष्ट अनेकांना नुकसान झाल्यावर समजते.

कंपनीची म्हणून जी नोंदणी आहे ती रस्ता मालवाहतूक कायदा, २००७ खाली. हा कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला आणि १८६५ चा जुना कायदा रद्द झाला. त्यानुसार पावती करून लोकांचा माल नेणाऱ्याला परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्र १० वर्षांचे असते. कायद्यातल्या वाहतूकदाराच्या व्याख्येत बुकिंग एजंट आणि दलालही येतात. ‘मी फक्त गाडी बघून दिली, माझा काय संबंध?’ असे म्हणणाऱ्याने स्वतःच्या नावाची लॉरी पावती फाडली असेल, तर त्याचा संबंध असतो. म्हणून पावतीवर नाव कुणाचे आहे ते आधी वाचावे. मुख्य कार्यालय कोल्हापुरात असेल तर नोंदणी महाराष्ट्रात शोधावी. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: २९ कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. माल हरवला किंवा मोडला तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावाच लावता येत नाही.

जादा वजनाचा दंड १ सप्टेंबर २०१९ पासून २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा आहे. तो चालवणाऱ्याइतकाच चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे. तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा २०१८ मध्ये २५ वरून २८.५ टन झाली, पण जुन्या गाडीच्या आरसीवर जो आकडा असेल तोच धरायचा.

या सगळ्या व्यवस्थेतून जवळजवळ निसटलेले वाहन म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. गाळप हंगामात चिक्कोडी, रायबाग, अथणीच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे जातात. कायद्याने ट्रॉली हेसुद्धा वाहनच, तिलाही स्वतःचा क्रमांक हवा. प्रत्यक्षात मागची ट्रॉली विनाक्रमांक असते, दिवा नसतो, आणि बाहेर आलेल्या उसाच्या वाढ्यांमागे रिफ्लेक्टर झाकला जातो. मोटारसायकलवरून घरी परतणाऱ्याला ती दिसते तेव्हा फार जवळ आलेली असते. क्रमांकच नसल्यामुळे ‘वाहन’वर शोधायलाही काही उरत नाही. मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि क्रमांक नसेल तर कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली घेऊच नये, एवढी तपासणी तिथल्या तिथे करता येण्यासारखी आहे.