नैराश्य की पॅराथायरॉइड?

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मावशीचे कशातच मन लागेनासे झाले, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ती विसरू लागली, तेव्हा घरच्यांनी आधी थायरॉइड तपासून घेतले आणि तो रिपोर्ट नॉर्मल आल्यावर नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या. थायरॉइडचा रिपोर्ट पॅराथायरॉइडविषयी काहीच सांगत नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. नावे जुळी असली तरी कामे वेगळी आहेत. थायरॉइडच्या मागे बहुधा चार, तांदळाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथी रक्तातले कॅल्शियम सांभाळतात. त्यांतल्या एखादीवर साधी, कर्करोगाची नसलेली गाठ झाली की पॅराथायरॉइड हार्मोन गरजेपेक्षा जास्त स्रवते आणि हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरू लागते.

उदासी, थकवा, चिडचिड, विसराळूपणा हे दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे निव्वळ मनाकडे पाहून निदान होत नाही. शरीराकडेही पाहावे लागते. मुतखडा, बद्धकोष्ठता, हाडे दुखणे, वारंवार लघवी आणि न भागणारी तहान या खुणा पॅराथायरॉइडकडे बोट दाखवतात. निफाडचा पारा उतरून इकडे नाशिकलाही कुडकुडायला होत असताना मावशीच्या उशाशी भरलेला तांब्या पहाटेपर्यंत रिकामा झालेला असे, आणि आम्ही त्याला वयाची सवय म्हणत होतो.

खरा निवाडा रक्त करते. कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते, मावशीचे ११.४ निघाले. मात्र त्याच नमुन्यातून पॅराथायरॉइड हार्मोनही मोजायला हवे, कारण कॅल्शियम वाढले की निरोगी ग्रंथी गप्प बसतात, म्हणजे हार्मोन उतरायला हवे, आणि अशा वेळी हार्मोनचा आकडा 'नॉर्मल' दिसला तरी तो नॉर्मल नसतो. माझ्या मते रिपोर्ट वाचताना सर्वांत जास्त फसगत इथेच होते. भरीस भर म्हणजे मनोविकारांवर दिले जाणारे लिथियमही कधीकधी कॅल्शियम वाढवते, तेव्हा चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावीच.

नैराश्यावर औषध आणि समुपदेशन हा उपचार आहे. गाठीवर कायमचा इलाज शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम उतरते, पण मनाचे मळभ प्रत्येकाचे हटतेच असे नाही, कारण दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात. मावशीचा तांब्या आता सकाळी भरलेलाच सापडतो, शिट्ट्याही चुकत नाहीत; नैराश्याची गोळी मात्र, अर्ध्या मात्रेत, अजून चालू आहे.