चिलीत पोहोचलेलं युरोपी चिलट

फेब्रुवारी १९७८ मध्ये चिलीच्या दक्षिणेला प्वेर्तो माँत इथे पकडलेल्या फळमाश्यांत एक पाहुणी निघाली: ड्रोसोफिला सबऑब्स्क्युरा. तिचं मूळ घर उत्तर आफ्रिकेपासून स्कँडिनेव्हियापर्यंत. (आंबा नासवणारी फळमाशी ती ही नव्हे. ही अतिपिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांच्या गोतावळ्यातली.) काही वर्षांतच ती चिलीभर पसरली. १९८२ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट टाउनसेंडमध्येही सापडली.

ही गोष्ट एवढी गाजली, कारण युरोपात या माशीची नोंदवही आधीपासून तयार होती. ड्रोसोफिलाच्या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं अवाढव्य असतात. त्यांवरचे पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येतात. गुणसूत्राचा एखादा तुकडा उलटा बसला असेल, म्हणजे इन्व्हर्जन झालं असेल, तर तेही दिसतं. अशा तुकड्यातली जनुकं सहसा फाटाफूट न होता एकत्रच पुढच्या पिढीत जातात. आनुवंशशास्त्रज्ञ थिओडोसियस डोब्झान्स्की यांनी ड्रोसोफिला स्युडोऑब्स्क्युरावर हेच तंत्र वापरून रानातल्या माश्यांत ऋतूनुसार इन्व्हर्जनांचं प्रमाण बदलतं हे दाखवलं होतं. सबऑब्स्क्युराच्या बाबतीत बार्सिलोनाचे अंतोनी प्रेव्होस्ती आणि इतरांनी युरोपभरची प्रमाणं मोजून ठेवली होती. दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं तशी ती बदलत जातात. पण हा नैसर्गिक निवडीचा परिणाम की जुन्या स्थलांतरांचा ठसा, हे युरोपात बसून ठरवणं कठीण होतं.

अमेरिकेत ते जमलं. तिथे आलेल्या मूळ माश्या मोजक्याच असाव्यात, कारण युरोपातल्या अनेक इन्व्हर्जनांपैकी थोडीच तिकडे पोहोचली होती. त्यांत ओ-५ नावाचं एक इन्व्हर्जन उत्तर आणि दक्षिण अमेरिका या दोन्ही खंडांत एकाच घातक जनुकाशी जोडलेलं सापडलं, म्हणजे दोन्हीकडच्या माश्या एकाच गोतातल्या. तरीही काही वर्षांत चिली आणि उत्तर अमेरिका दोन्हीकडे इन्व्हर्जनांच्या प्रमाणाची अक्षांशानुसार उतरंड तयार होऊ लागली आणि तिची दिशा बहुतेक युरोपासारखीच होती. जुन्या स्थलांतरांचा हवाला इथे देता येत नाही.

पंखांची कथा मला त्याहून मोलाची वाटते. युरोपात उत्तरेकडच्या माश्यांचे पंख मोठे असतात. उत्तर अमेरिकेत सुरुवातीच्या दहाएक वर्षांत असा फरक दिसला नव्हता. रेमंड ह्युई, जॉर्ज गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘सायन्स’मध्ये दाखवलं की आगमनाला वीसेक वर्षं होईतो तो तिथेही आला होता. फक्त युरोपात पंखाचा शरीराजवळचा भाग लांबतो, उत्तर अमेरिकेत टोकाकडचा लांबला होता. पंखाचा आकार वाढणं अपेक्षित होतं; वाढ कुठल्या भागात होईल, हे आधी सांगता आलं नसतं.

पुढे इन्व्हर्जनांच्या त्या जुन्या मोजणीचा आणखी एक उपयोग झाला. २००६ मध्ये तीन खंडांतल्या २६ ठिकाणच्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या. २२ ठिकाणी हवामान तापलं होतं. त्यांपैकी २१ ठिकाणी उष्ण प्रदेशातल्या इन्व्हर्जनांचं प्रमाण वाढलं होतं.