इरिडियम प्लग टाकला की गाडी खरंच पळते का?

गाडी सर्विसिंगला दिली की गॅरेजमधून फोन येतोच, "साहेब, प्लग गेलेत, साधे टाकू का इरिडियम? पिकअप बघा कसा येतो." आता पिकअप येणार हे खरंय, पण तो झिजलेला प्लग काढून नवा टाकल्यामुळे येणार, मग तो साधा, म्हणजे निकेलच्या टोकाचा, का असेना; इरिडियम हा टोकाला लावलेला दुसरा धातू.

स्पार्क प्लगचं काम म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल ठिणगीने पेटवणं, आणि त्या ठिणगीचं गणित सोपं आहे. बॅटरी देते 12 व्होल्ट, इग्निशन कॉइल त्याचे वीस-तीस हजार करते आणि प्लगच्या टोकाशी साधारण एक मिलिमीटरची फट असते ती ओलांडून ठिणगी पडते. किती व्होल्टला पडेल हे फट किती आणि तिथल्या वायूचा दाब किती यावर ठरतं, फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 मध्येच हे मांडून ठेवलंय. तिसरी गोष्ट म्हणजे इलेक्ट्रोडची, म्हणजे फटीच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या टोकांची, कड. धारदार कडेवर विद्युतक्षेत्र एकवटतं, त्यामुळे ठिणगी सहज सुटते. पण प्रत्येक ठिणगी धातूचा बारीकसा कण उडवून नेते, कड गोल होते, फट रुंदावते आणि कॉइलवरचा ताण वाढत जातो. म्हणून तर जुन्या प्लगवर गाडी सिग्नलला गुपचूप उभी असते आणि घोडबंदरला गायमुखच्या चढावर पाय दाबला की झटके मारते, कारण पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो, जास्त व्होल्टेज लागतं आणि तिथे कॉइल कमी पडते.

ढोबळ हिशेब करा. पाम बीच रोडवर साठच्या स्पीडला इंजिन मिनिटाला 2000 फेरे मारत असेल तर फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे एका किलोमीटरला एका प्लगच्या हजार ठिणग्या. 40 हजार किलोमीटरला झाल्या चार कोटी. साध्या निकेलच्या प्लगचं आयुष्य साधारण तेवढंच धरतात. इरिडियम वितळतो 2400 अंशांच्याही वर, निकेल 1455 ला, त्यामुळे इरिडियमचं टोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं बारीक ठेवलं तरी टिकतं आणि बरेच प्लग लाखभर किलोमीटर जातात. टोक बारीक म्हणून ठिणगीला व्होल्टेजही थोडं कमी लागतं, हा फायदा खरा आहे, पण इंजिन धडधाकट असेल तर त्याने हॉर्सपॉवर काही वाढत नाही. जास्तीचे पैसे आयुष्याचे असतात. (जाता जाता, इरिडियम पृथ्वीच्या कवचात अगदीच कमी आणि उल्कांमध्ये जास्त. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या थरात तो भरपूर सापडला म्हणून तर डायनासोरांचा काळ उल्केने संपवला असं म्हणायला लागले. आपला पारसिकचा डोंगर ज्या लाव्हाचा, तो साधारण त्याच सुमाराचा.)

धातूपेक्षा महत्त्वाची गोष्ट गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत, ती म्हणजे हीट रेंज, म्हणजे प्लग किती गरम किंवा थंड राहतो ते. प्लगचं टोक चालू इंजिनमध्ये साधारण 500 अंशांच्या वर राहिलं पाहिजे, तरच त्यावर बसलेली काजळी जळून जाते. पण 850-900 च्या पुढे गेलं तर टोकच लाल होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवायला लागतं आणि पिस्टनची वाट लागते. ही उष्णता बाहेर जाते टोकाभोवतीच्या चिनी मातीच्या नाकातून आट्यांकडे आणि तिथून इंजिनच्या हेडमध्ये. नाक लांब असेल तर वाट लांब, प्लग गरम राहतो, आखूड असेल तर थंड. गंमत म्हणजे एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं, त्यामुळे नुसता आकडा बघून कंपनी बदलायला गेलात तर फसलात. रोज दोन किलोमीटर स्टेशनपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत "रेसिंगवाला" थंड प्लग टाकणं म्हणजे पैसे देऊन काजळी विकत घेणं.

प्लगवरचा नंबर वाचता आला की बरंच काम होतं. एनजीकेचा बीकेआर6ई-11 घ्या. बीके म्हणजे 14 मिलिमीटरचे आटे आणि 16 चा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, जो ठिणगीची खरखर रेडिओत आणि गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये जाऊ देत नाही, 6 ही हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी 19 मिलिमीटर आणि 11 म्हणजे फट 1.1 मिलिमीटर. यातली लांबी चुकली तर प्लग पिस्टनला जाऊन लागू शकतो. मॅन्युअलमध्ये दिलेला नंबर पकडायचा, दुसऱ्या कंपनीचा घ्यायचाच असेल तर त्यांच्या यादीत आपलं मॉडेल शोधायचं.

सीएनजीवाल्यांनी जरा जास्त लक्ष द्यावं, आणि ठाणे-नवी मुंबईत ते काही कमी नाहीत. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे फट थोडी वाढली तरी लगेच जाणवते, पेट्रोलवर गाडी गुळगुळीत आणि गॅसवर टाकली की मिसफायर. कंपनी फिटेड असेल तर मॅन्युअलमधला सीएनजीचा नंबर आणि गॅप, म्हणजे तीच फट, बघा आणि प्लग लवकर तपासत जा. गॅप साध्या प्लगचा मेकॅनिक फीलर गेजने जुळवतो ते ठीक, इरिडियमच्या बारीक टोकाशी मात्र खेळू देऊ नका, मोडतं.

बसवताना इंजिन थंडच हवं, हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना जोर लावला तर आटे जातात. आधी हाताने शेवटपर्यंत फिरवायचा, मग वॉशरवाला नवा प्लग पान्याने अर्धा ते पाऊण फेरा, बास.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवायला सांगा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं बरंय, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त पडतंय किंवा प्लग थंड आहे, तेलकट ओला असेल तर ऑइल आत येतंय आणि मग कितीही महागडा प्लग टाका, महिन्याभरात पुन्हा तेच. आणि पांढऱ्या पोर्सलेनवर, लोखंडाच्या कडेच्या जरा वर, तपकिरी रिंग दिसली आणि कुणी म्हणालं की प्लगमधून गॅस लीक होतोय तर लगेच घाबरू नका. उच्च व्होल्टेजने आजूबाजूच्या हवेतले तेलाचे कण भारित होऊन तिथे चिकटतात, त्याचा तो डाग असतो. त्याच्यासाठी प्लग बदलायची गरज नाही.