दख्खनी लोकर आणि घरातलं अंथरूण: एक पार्श्वभूमी

सांगली-साताऱ्यात घरासाठी नैसर्गिक धाग्याचा गालिचा घ्यायचा म्हटलं, की हल्ली ताग, काथ्या आणि सिसल ही नावं पुढे येतात. ताग बंगालचा, काथ्या कोकण-केरळातला. सिसल हा आपल्या बांधावरच्या घायपाताचाच, केकताडाचा भाऊबंद, मूळचा मेक्सिकोचा. केकताडाच्या वाखापासून कासरे, दावी, चऱ्हाटं वळण्याची कला मातंग कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. जमिनीवर अंथरायला मात्र या मुलखाकडे दुसरीच वस्तू होती, दख्खनी मेंढीची लोकर. गालिचे निवडण्याच्या चर्चेत तिचं नाव क्वचित निघतं, याचं मला वाईट वाटतं.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. शेती बेभरवशाची, म्हणून धनगरांची मेंढरं हाच आधार. पावसाळा सरला की वाडा, म्हणजे मेंढपाळांचं बिऱ्हाड आणि कळप, चाऱ्यासाठी बाहेर पडायचा. वाटेत शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचे आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे द्यायचे. लोकर वर्षातून दोनदा कातरली जायची. ती जाडीभरडी, बहुतेक काळी, स्वेटरसाठी निरुपयोगी. पण याच राठपणामुळे ती पायाखाली टिकते. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा बाष्प शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून माणच्या कोरड्या थंडीत अंथरायला आणि पाटण-जावळीच्या पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायला एकच घोंगडं चालायचं.

कातरलेली लोकर पिंजून धनगर बायका सूत कातायच्या. विणकाम सनगर आणि खुटेकर धनगर या विणकर समाजांचं. माणमधलं म्हसवड हे त्याचं नावाजलेलं ठिकाण. ताणा, म्हणजे उभे धागे, लांबच लांब ताणायचा, चिंचोक्याची खळ कुंच्याने चोळायची, वाळू द्यायची. खळ बसली की राठ धागा मागावर तुटत नाही. नवं घोंगडं कडक लागतं ते या खळीमुळे. धुण्या-वापराने ते मऊ होत जातं. रंग द्यायची गरजच नसे, कारण काळा, पांढरा, करडा हे रंग मेंढीच्याच अंगचे. कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची घोंगडी सगळ्यांत मऊ आणि मोलाची. याशिवाय जेन असायचं. ते विणत नाहीत. लोकरीचे थर ओले करून, दाबून, लाटून जमवतात. आज दुकानात ज्याला गालिचा म्हणतात त्याच्या सर्वांत जवळची आपली वस्तू हीच.

या वस्त्राला मानही होता. धनगरांचं दैवत असलेल्या आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात भंडारा आणि घोंगडं एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही. १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील डोळ्यांसमोर येतात, तेही खांद्यावरच्या घोंगडीसकट.

मग हे मागे का पडलं? गिरणीची चादर आली, पानिपतची जुन्या कापडाच्या धाग्यापासून केलेली ब्लँकेटं आली, शेवटी प्लास्टिकची चटई आली. पण मला मोठं कारण मेंढीतच दिसतं. मटणाचा भाव चढत गेला तशी जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी मेंढपाळांना परवडू लागली. ती उंच, भराभर वाढणारी, फुगीर नाकाची. पण अंगावर लोकर नावापुरती. दख्खनी कळपांत तिचा संकर होत गेला. लोकर सुधारण्यासाठी सरकारी प्रक्षेत्रांवर मेरिनोसारख्या परदेशी जातींचा संकरही करून पाहिला गेला, पण राठ लोकरीवर चालणाऱ्या मागाला त्याचा उपयोग नव्हता. आज कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते, आणि कित्येक मेंढपाळ कातरलेली लोकर टाकून देतात. कच्चा माल उकिरड्यावर आणि गालिचा परराज्यातून, हे मला पटत नाही.

म्हणून निवडताना आधी घरातली जागा पाहावी. पश्चिमेच्या पावसाळी भागात ताग ओल धरतो आणि बुरशी येते. तिथे लोकर किंवा काथ्या बरा, त्यातही काथ्या दाराशीच. बसायच्या खोलीत जेन किंवा जाड घोंगडं. रांगतं मूल असेल तर सुती सतरंजी, कारण राठ लोकर कोवळ्या कातडीला टोचते. यात्रेतल्या दुकानांत घोंगडीसारखी दिसणारी कृत्रिम धाग्याची ब्लँकेटंही असतात, तेव्हा काठाचा एक धागा मागून घ्यावा आणि जाळून पाहावा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. ताणा आणि बाणा (आडवा धागा) दोन्हींचे धागे तपासावेत, कारण काही ठिकाणी ताणा सुती असतो. तो वाईट नसतो, पण भाव लोकरीचा देऊ नये. घरी आणल्यावर कसर लागू नये म्हणून पावसाळा संपताच कडक ऊन दाखवायचं आणि घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवायचा.