रबराआधी रिम बघा

पावसाळा तोंडावर आला की परळ-लालबागकडे सायकल दुरुस्तीच्या दुकानात एकच मागणी असते: "ब्रेकची रबरं बदलून द्या." पण जुन्या सायकलीला कुठलं रबर बसेल, हे रिम बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. कारण ब्रेक घासण्याची जागा काळानुसार बदलत गेली आहे.

पूर्वी ब्रेकचा चमचा थेट टायरवर दाबला जायचा. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. चमच्याने तो झिजायला लागला आणि ब्रेक रिमकडे सरकला. इंग्लंडहून आलेल्या रॅले, हंबर, हर्क्युलिस या काळ्या सायकलींना सळईचे ब्रेक होते. मूठ दाबली की सळई वर ओढली जाते आणि नालेच्या आकाराच्या कडीतली दोन रबरं रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने भिडतात. इथल्या कारखान्यांनीही हीच घडण उचलली. असा एक कारखाना आपल्या वरळीत होता, हिंद सायकल्सचा. १९८० मध्ये कायदा करून त्याचं आणि सेन-रॅले या दुसऱ्या सायकल कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं. आज वरळीतल्या रस्त्याला त्याचं नाव आहे.

पुढे सळईच्या जागी नळीतून ओढली जाणारी तार आली; या बाउडनच्या वायरचं पेटंट १८९६ चं. वायरवरचे कॅलिपर, म्हणजे चिमट्यासारखे ब्रेक, रिमला दोन्ही कुशींवर पकडतात. १९९६ मध्ये शिमानोचा व्ही-ब्रेक आला, त्याची रबरं लांबट. सळईचं रबर कॅलिपरला चालत नाही, कॅलिपरचं सळईला नाही.

पावसात मात्र खरी अडचण रिमचीच असते. पोलाद गंजू नये म्हणून त्यावर क्रोमचा मुलामा देतात. तो इतका गुळगुळीत, की ओला झाला की रबर त्यावरून नुसतं घसरतं. ब्रिटनमध्ये यावर उपाय म्हणून चामड्याचा थर दिलेली रबरं निघाली. ॲल्युमिनियमची रिम ओली असली तरी पकड बरीच टिकते. दांडीला आणि हँडलला भरलेले डबे लटकवून निघालेला डबेवाला जुलैत उतारावर कसा ब्रेक लावत असेल, या विचाराने मला आजही धडकी भरते.

गेल्या जूनमध्ये वडिलांच्या सायकलीची रबरं काढली. काचेसारखी चकचकीत झालेली, नखही रुतत नव्हतं. ज्या पत्र्याच्या शूमध्ये रबर सरकवतात, त्याचं एक तोंड बंद असतं. चाक फिरेल त्या दिशेला ते बंद तोंड हवं. पूर्वी कुणीतरी पुढचा एक शू उलटा बसवला होता. ब्रेक दाबला की रबर बोटभर बाहेर सरकत होतं, हे मला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं. शू फिरवला, नवं रबर घातलं, रिमपासून दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवून नट आवळला. साबणाच्या पाण्याने रिम धुतली, तर फडक्यावर चेनच्या तेलाचा काळा पट्टा उमटला.