जन्मजात व्यंगाची शस्त्रक्रिया झालेली मुलं आणि त्यांचं मन

बाळ जगलं की जिंकलं, असंच कित्येक दशकं मानलं गेलं. त्यात नवल नव्हतं. अन्ननलिका जन्मतःच तुटक असलेली बाळं 1930 च्या दशकापर्यंत दगावतच असत. 1941 मध्ये अमेरिकेत कॅमेरॉन हाइट यांनी अशी नलिका एकाच शस्त्रक्रियेत जोडून बाळ वाचवलं. 1944 मध्ये बाल्टिमोरला ‘निळ्या बाळां’वर, म्हणजे हृदयातल्या जन्मजात दोषामुळे अंग निळसर पडणाऱ्या बाळांवर, हृदयशस्त्रक्रिया सुरू झाली आणि शाळेचं तोंडही न बघणारी मुलं मोठी होऊ लागली.

इस्पितळांच्या वॉर्डांत या मुलांच्या मनावर काय गुदरतंय, हे मात्र फारसं कुणी पाहत नव्हतं. भेटीच्या वेळा इतक्या कडक होत्या, की आई दिवसचे दिवस दिसत नसे. ब्रिटनमध्ये 1959 च्या प्लॅट अहवालाने पालकांना मोकळेपणी भेटू द्या, लहानग्यांजवळ आईला राहू द्या असं सुचवलं. ते अंगवळणी पडायला आणखी बरीच वर्षं गेली.

वेदनेची हकिकत तर अंगावर काटा आणते. नवजात बाळाला दुखत नाही, या समजुतीने 1980 च्या दशकापर्यंत कित्येक बाळांवर अगदी अपुऱ्या भुलेत शस्त्रक्रिया होत. पुरेशी भूल दिली तर शरीरावरचा ताण आणि गुंतागुंत दोन्ही कमी होतात, हे 1987 मध्ये कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो गुदद्वाराविना जन्मलेल्या मुलांचा अनुभव. शस्त्रक्रियेने केलेली वाट आकसू नये म्हणून तिच्यात अनेकदा डायलेटर, म्हणजे वाट रुंद ठेवणारी गुळगुळीत सळई, घालावी लागते. रोज, महिनोन्‌महिने, घरच्या घरी. मूल किंचाळतं, एकाने पाय धरायचे, दुसऱ्याने सळई सरकवायची, आणि हे दोघं म्हणजे त्याचेच आईबाप. 1990 च्या दशकात नॉर्वेमध्ये ट्रॉन्ड डिसेट आणि रॅग्नहिल्ड एम्ब्लेम यांनी अशा किशोरवयीन मुलांना तपासलं, तेव्हा त्यांच्यात मानसिक त्रासाचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. शौचावर ताबा नसणं आणि लांबलेलं डायलेशन, दोन्हींचा त्याच्याशी संबंध दिसला. सगळ्यांसमोर कपडे खराब होतील या धास्तीने सहलीला न जाणारं मूल शल्यचिकित्सेच्या नोंदीत ‘बरं झालेलं’ असतं, हे किती अपुरं आहे!

जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांबाबत बोस्टनच्या संशोधकांनी चिकाटी दाखवली. तान्हेपणी शस्त्रक्रिया झालेल्यांना ते सोळाव्या वर्षापर्यंत तपासत राहिले. लक्ष टिकवणं, आखणी करणं यांत अडचणी आढळल्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये अशा मुलांच्या विकासाची नियमित तपासणी सुचवली आणि 2022 मध्ये मानसोपचार तज्ज्ञांना हृदयोपचाराच्या चमूतच सामावून घेण्याचा आग्रह धरला. बाकीच्या व्यंगांसाठीही हे हवं, आणि ते पहिल्या शस्त्रक्रियेपासून, पालकांनाही धरून.